घरी पाहिलेले सिनेमे: पाचपैकी किती, आणि कुठे थांबवलात?

माजघर

गेल्या दोन महिन्यांत घरी नऊ मराठी सिनेमे पाहून झाले. बाबांना एकटं ठेवता येत नाही, त्यामुळे थिएटरला जाणं बंदच आहे. रात्री त्यांचा डोळा लागला की आई आणि मी बाहेरच्या खोलीत आवाज बारीक करून बसतो. आईच्या मांडीवर निवडायची मेथी किंवा सोलायचा लसूण असतोच.

थिएटरात सिनेमा सुरू झाला की आपण त्याच्या ताब्यात. घरी मात्र रिमोट आपल्या हातात असतो. कुकरची शिट्टी झाली, दाराची बेल वाजली, की आपण थांबवतो. पण कधीकधी थांबवायचं कारण सिनेमातच असतं. पुढचं बघवत नाही, किंवा काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही. या धाग्यावर गुण तर द्याच, पाचपैकी. पण सिनेमा कुठे थांबवलात तेही लिहा. मला तेच वाचायचंय.

सुरुवात मी करते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’. २०१३ चा सिनेमा, मी आत्ता पाहतेय. डॉ. मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या एका मोठ्या पंडिताचं काम केलंय. आयुष्यभर जे पाठ केलं ते अल्झायमरनं एकेक करून निसटत चाललंय. मुलगी इरा, म्हणजे इरावती हर्षे, त्यांना गाडीत बसवून कामाला उतरते. तेवढ्यात रस्त्यानं हत्ती जातो आणि हे गाडीतून उतरून हत्तीमागे चालू लागतात. चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद.

आई म्हणाली, “थांबव.”

मागच्या दिवाळीत बाबा असेच रिक्षातून उतरून गेले होते. आई औषधाच्या दुकानात गोळ्या घेत होती. तेव्हा तिनं मला सांगितलं होतं, दहा मिनिटांत सापडले. त्या रात्री सिनेमा थांबवून ती म्हणाली, दहा मिनिटं नव्हती गं, पाऊण तास होता. पेठेत एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते, चपला व्यवस्थित बाजूला काढून ठेवलेल्या.

उरलेला ‘अस्तु’ आम्ही अजून लावलेला नाही. गुण राखून ठेवते.

दोनतारी

धागा आवडला. माझ्याकडून ‘वाळवी’, परेश मोकाशी, २०२३. पाचपैकी ४. एकदाही थांबवला नाही, हेच त्याचं कौतुक समजा. खुनाचा बेत आखलेला आणि मग एकेक गोष्ट हातातून सुटत जाते. अनिता दातेनं कमाल केलीय. नावाचा अर्थ शेवटी कळतो, म्हणून कुणी इथे फोडू नका.

पागोळी

माजघरताई, तुमचं वाचून थोडा वेळ काहीच लिहवेना. आईंना माझा नमस्कार सांगा.

मी ‘किल्ला’ पाहिला, तिसऱ्यांदा. ४.५. आमच्याकडे पावसात वीज जाते, त्यामुळे सिनेमा आम्ही थांबवत नाही, तो आपोआप थांबतो. पण या वेळी वीज असून मी थांबवला.

अविनाश अरुण यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला सिनेमा, आणि छायाचित्रणही त्यांचंच. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात लहान मुलांच्या परीक्षक मंडळानं त्याला क्रिस्टल बेअर दिला होता. मोठ्यांनी दिलेल्या बक्षिसापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. गोष्ट अशी, की वडील गेलेत, आईची बदली कोकणात झालीय, आणि पुण्यातला अकरा वर्षांचा चिन्मय नव्या शाळेत एकटा पडलाय. हळूहळू मित्र मिळतात. सायकलींची शर्यत लागते, सगळे किल्ल्यावर पोचतात, आभाळ भरून येतं आणि बाकीची पोरं त्याला तिथेच टाकून निघून जातात. पावसात तो तटाच्या आतून हाका मारत फिरतो.

मी तिथे थांबवला, कारण मला त्याच्या आईबद्दल बोलायचं होतं. पहिल्या दोन वेळा मी सिनेमा मुलाच्या डोळ्यांनी पाहिला. मधल्या काळात माझ्या स्वतःच्या नोकरीत तीन बदल्या झाल्या. नव्या गावात पहिल्या दिवशी कचेरीतून घरी यायचं, पोरगं दाराशी तोंड पाडून बसलेलं असतं. ‘कसा गेला दिवस’ विचारायला आपल्यातच त्राण नसतं. अमृता सुभाषनं ते दमलेपण खांद्यांत आणलंय. कचेरीत कागदावर सही करायचा दबाव, घरी रुसलेला मुलगा, आणि नवऱ्यासाठी रडायला दिवसाचा कुठलाच वेळ मोकळा नाही. माझा मुलगा आता कॉलेजात आहे. त्याला मी विचारलं, तुला कधी असं किल्ल्यात राहिल्यासारखं वाटलं होतं का रे? तो म्हणाला, “दुसऱ्या बदलीत.” पहिल्या बदलीत वाटलं असेल असं मी आजवर धरून चालले होते.

अर्धा गुण कापला तो कचेरीच्या उपकथानकासाठी. ते घाईत उरकलंय.

रातराणी

‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे. २.५.

मला माहितीय की याला राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ मिळालं, भारताकडून ऑस्करला गेला, व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार मिळाले. तरी प्रामाणिकपणे लिहितेय. कॅमेरा एका जागी ठेवलेला, माणसं येतात, बसतात, तारीख घेतात, जातात. नवरा पंधराव्या मिनिटाला फोन घेऊन बसला. मी नेटानं पाहिला. शेवटी कोर्टाची खोली रिकामी होते, कुणीतरी एकेक करून दिवे बंद करतं आणि अंधार. मी टीव्ही बंद केला. एवढ्यासाठी दोन तास?

काळा_डगला

रातराणी, एक विचारू का? अंधार झाल्यावर तुम्ही लगेच बंद केलात का? तसं असेल तर तुमचा सिनेमा अजून बाकी आहे. त्या अंधारानंतर न्यायाधीश सुट्टीवर गेलेले दिसतात. शेवटचा प्रसंग बागेतल्या बाकावरचा आहे. माझ्या ओळखीच्या चार घरांत तरी असाच अंधारात टीव्ही बंद झालाय. थिएटरात दिवे लागेपर्यंत आपण बसून राहतो, घरी अंगठा तयारच असतो.

मी एकवीस वर्षं फौजदारी बाजूला काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप काय, तर त्यांच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या एका कामगारानं आत्महत्या केली. म्हणजे दंड संहितेचं कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं १०८ झालंय. आरोप ऐकायला अशक्य वाटतो, पण ज्या गतीनं तो पुढे सरकतो ती गती शंभर टक्के खरी आहे. साक्षीदार मराठीत चार वाक्यं बोलतो, न्यायाधीश ऐकून घेतात आणि लघुलेखकाला इंग्रजीत एक वाक्य सांगतात. कागदावर राहतं ते एक वाक्य. बाकीची तीन कुठे गेली? माझ्या अशिलांनी हा प्रश्न मला किती वेळा विचारलाय, आणि त्यांना समजेल असं उत्तर मी कधीच देऊ शकलो नाही.

एका बाईनं बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून तिचं प्रकरण त्या दिवशी पुकारूनही ऐकलं जात नाही, तो प्रसंग आठवतोय? एक मिनिटाचा असेल. मी तिथे थांबवला. बायको म्हणाली, असं होतं का खरंच? मी म्हटलं, कपड्यांवरून नाही, पण याहून बारक्या कारणावरून पुढची तारीख पडलेली मी पाहिलीय. आणि तारीख म्हणजे कुणाचा तरी बुडालेला रोज.

मग मेलेल्या कामगाराच्या बायकोची उलटतपासणी. नवरा दारू प्यायचा कारण वास सहन व्हायचा नाही. गटारातल्या वायूनं एक डोळा गेलेला. ती हे सगळं रडत नाही सांगत. विचारलं म्हणून सांगते. या कामात मेलेल्यांच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये १० लाख भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला आत उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ चाच आहे. सिनेमा आला तेव्हा तो कायदा होता, आजही आहे, आणि आजही माणूस तसाच आत उतरतोय. मग तो कॅमेरा हलत नाही याचा मला राग येत नाही.

माझे ५.

संत्राबाग

वकीलसाहेबांशी सहमत. आमच्या नागपूरकडून एक गोष्ट जोडतो. नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे आमच्या इथले. चळवळीतला माणूस, ‘विद्रोही’ मासिकाचं संपादन करत. अभिनय हा त्यांचा व्यवसाय नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये कोविडनं गेले.

मी सिनेमा थांबवला तो पहिल्या पाच मिनिटांत. मुलांची शिकवणी संपवून ते बसनं निघतात, वस्तीतल्या मंचावर चढतात आणि गायला लागतात. संभाजी भगतांची गाणी आहेत ती. पोलीस येतात तेव्हा गाणं अजून संपलेलं नसतं. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला असे मंच बांधले जातात. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून तसलीच गाणी ऐकली आहेत. गाणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा तशाच दिसायच्या. पडद्यावर तो मंच, तो पिवळा दिवा आणि मागची माणसं पाहून मी थांबवला आणि वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, पुढचं बघून घे, मग बोलू.

मीही ५ देतो.

रातराणी

काळा_डगला, बरोबर. मी अंधारातच बंद केला होता. काल रात्री शेवटची वीस मिनिटं पाहिली, आणि आज परत पहिल्यापासून पाहिला. या वेळी दोघांनीही फोन स्वयंपाकघरात ठेवले.

आधी जे पाहिलं तेच पाहिलं, पण माझ्या लक्षात सरकारी वकीलबाई राहिल्या. गीतांजली कुलकर्णी. कोर्टात त्या एका सुरात कलमं वाचून दाखवतात आणि मला त्यांचा राग आला होता. मग त्या लोकलनं घरी जातात, मुलाला पाळणाघरातून घेतात, स्वयंपाकाला लागतात. माझी संध्याकाळ अशीच असते, अगदी खांद्यावरच्या पर्ससकट. सिनेमा त्यांना खलनायिका करत नाही. एखाद्याचं आयुष्य ज्यांच्या हातात अडकलंय ती माणसं आपल्यासारखीच भाजी घेऊन घरी जातात. हे पहिल्यांदा मला कंटाळवाणं वाटलं होतं, दुसऱ्यांदा पोटात गोळा आला.

२.५ खोडून ४.५ करते. नवऱ्याचे ४.

फळा_आणि_खडू

‘फॅन्ड्री’, नागराज मंजुळे. तेरा वर्षांच्या मुलाबरोबर पाहिला. ५.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे थांबवायची जागा ठरलेली होती. जब्या आणि त्याच्या घरचे गावातली डुकरं धरायला निघालेत. शाळेच्या मागेच धरपकड चाललीय, वर्गातली पोरं बघून हसताहेत, जब्या लाजेनं मरतोय. डुक्कर हाताशी आलं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं. सगळं घर जागच्या जागी ताठ उभं राहतं. जब्याचा बाप, किशोर कदमचा कचरूही. डुक्कर निघून जातं.

मुलगा हसला आणि लगेच गप्प झाला. मग त्यानं विचारलं, “बाबा, इथे हसायचं असतं का?” मी थांबवला. त्याला सांगितलं, की हसू आलं यात तुझं चुकलं नाही, पण आता जब्याकडे बघ. आम्ही तो प्रसंग मागे घेऊन परत पाहिला. मग धरलेलं डुक्कर बांबूला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले दिसतात. अशा भिंती मी दर वर्षी पोरांकडून रंगवून घेतो. रंग कमी पडला तर पदरचे पैसे घालतो. त्या भिंतीसमोरून कोण, काय वाहून नेतंय, हे मी स्वतः किती वेळा मान वर करून पाहिलंय?

शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड सरळ बघणाऱ्याकडे येतो. थिएटरात माझ्या पुढे दोनशे डोकी होती, दगड त्यांच्यात वाटला गेला. घरी सोफ्यावर आम्ही दोघंच होतो.

फॅन्ड्री हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. मुलाला कैकाडी ही वेगळी भाषा आहे हेच माहीत नव्हतं. माझ्या वर्गात ती बोलणारी दोन मुलं आहेत. सोमवारी मी त्यांच्याकडून दहा शब्द फळ्यावर लिहून घेतले.

श्टुटगार्टची_संध्याकाळ

इकडे मराठी सिनेमा म्हणजे घरीच. ‘द डिसायपल’ पाहिला, तोही ताम्हाण्यांचाच. २. वाईट वाटतंय लिहायला, पण शास्त्रीय गाण्याचा सिनेमा आणि गाणं मनात राहिलंच नाही. नायक मोटारसायकलवरून फिरतो, मागे बाईंचा आवाज उपदेश करत राहतो, वर्षं जातात. ऑफिसला जाता-येता टॅबवर तीन तुकड्यांत पाहिला. तुकडे पाडले हे खरं. थांबवला कुठे, तर प्रत्येक वेळी माझं स्टेशन आलं तिथे.

खर्ज

तुम्ही प्रांजळपणे लिहिलंत म्हणून प्रांजळपणेच उत्तर देते. मी बारा वर्षं गाणं शिकतेय आणि व्यासपीठावर चार वेळा गायलेय. हा सिनेमा माझ्यासारख्यांचा आहे.

त्यात तानपुरा सतत आहे. गाडीच्या स्पीकरवर नाही, टॅबवर नाही, टीव्हीच्या पाठीमागच्या बारक्या स्पीकरवर तर मुळीच नाही, तिथे खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार ऐकूच येत नाही. उरते ती वरची झिणझिण. मी कानावर मोठे हेडफोन घालून पाहिला. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून शरद मोटारसायकलवर संथ जातोय, खाली तानपुरा आणि वर माईंचा, म्हणजे त्याच्या गुरुजींच्या गुरूंचा, आवाज. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे, या धाग्याची सुरुवात ज्यांच्या सिनेमानं झाली त्यांचाच. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या आणि त्याच महिन्याच्या शेवटी हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. ते ठाऊक असताना तो आवाज ऐकणं मला जड गेलं.

गाणं मनात राहिलं नाही म्हणता. ते राहायला नकोच होतं. शरद कष्टाळू आहे, निष्ठावान आहे आणि बेताचा आहे. आदित्य मोडक स्वतः शिकलेला गवई. त्यानं सूर लावूनही काहीतरी राहून गेल्यासारखं गायचं, हे किती कठीण आहे! गुरुजी झालेले अरुण द्रविड जयपूर घराण्याचे, मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकरांकडे शिकलेले. ते मैफलीत शेजारी बसलेल्या शिष्याकडे नुसतं पाहतात. मी तिथे थांबवला. माझ्या गुरूंनी मला असं एकदा पाहिलंय. त्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या आठवड्यात नेहमीसारखं शिकवलं. मीही नेहमीसारखी गेले. अजून जाते.

४.५. एका बैठकीत पाहा, दार लावून. नंतर दोनच दिलेत तरी मी वाद घालणार नाही.

श्टुटगार्टची_संध्याकाळ

शनिवारी दार लावून पाहिला. ३.५. शेवटी गाडीच्या डब्यातून गात जाणारा तो माणूस पहिल्या खेपेला माझ्या हातून सुटलाच होता. मी उतरायच्या घाईत होतो. आभार.

पट्टी_आणि_कापूस

‘श्वास’, संदीप सावंत, २००४. ४. पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून दिलं यानं, त्याआधीचं ‘श्यामची आई’चं.

मी नेत्रविभागात परिचारिका आहे. यातल्या छोट्या परश्याला झालेला आजार, रेटिनोब्लास्टोमा म्हणजे डोळ्यातल्या पडद्याचा कर्करोग, आमच्याकडे येतो आणि बहुतेकदा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत येतो. सिनेमा मी थांबवला तो आजोबा शस्त्रक्रियेआधी नातवाला वॉर्डातून घेऊन शहर दाखवायला जातात तिथे. अरुण नलावडेंचा चेहरा पाहून वॉर्डातले कितीतरी आजोबा आठवले. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, हे नियमाबाहेर आहे. आता मी वॉर्डात असते तर त्यांना डबा बांधून दिला असता.

एक विनंती, सिनेमाच्या निमित्तानं. लहान मुलाच्या फ्लॅशच्या फोटोत एका बुबुळात लाल चमकेऐवजी पांढरी चमक दिसली, किंवा डोळा तिरळा वाटू लागला, तर ‘फोटो नीट आला नाही’ म्हणून सोडू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर आलेल्या मुलाचा जीव वाचतो, आणि पुष्कळदा डोळाही.

माजघर

सगळं वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. पट्टी_आणि_कापूस, तुमची विनंती मी आमच्या नात्यातल्या सगळ्यांना पाठवली.

काल ‘अस्तु’ पुढे लावला. आईच म्हणाली, लाव.

हत्तीमागे गेलेले अप्पा माहुताच्या कुटुंबात पोचतात. माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलणारी, तोडकंमोडकं मराठी. अमृता सुभाषला याच कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अप्पा तिला आई म्हणायला लागतात. ती बाई आधी चक्रावते, आणि मग होते त्यांची आई. त्यांना भरवते, पुसते. शिकल्यासवरलेल्या लेकीला जे उमजत नव्हतं ते ही करून मोकळी होते. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, म्हणून असेल, की त्यांनी या आजाराचं कुठेही दयनीय प्रदर्शन मांडलेलं नाही. हात कुठे ठेवायचे ते विसरलेला माणूस कसा बसतो, ते मी रोज बघते. तसेच बसलेत ते.

चन्नम्माचं कानडी चालू असताना आतल्या खोलीचं दार वाजलं. बाबा उठून आले होते. त्यांचं बालपण अथणीजवळच्या खेड्यात गेलं, शाळेपर्यंत घराबाहेर कानडीच. आमच्याशी ते कधी कानडी बोलले नाहीत. माझं नाव त्यांना गेले चार महिने आठवत नाही. ते टीव्हीसमोर उभे राहिले आणि चन्नम्मा काहीतरी म्हणाली त्यावर त्यांनी कानडीत उत्तर दिलं. मोठ्यानं, नीट, पूर्ण वाक्य. आम्हा दोघींनाही अर्थ कळला नाही.

मी रिमोट उचलला होता. आईनं माझा हात धरला. बाबा खुर्ची ओढून बसले आणि शेवटपर्यंत बसून राहिले. मधूनमधून बोलत होते तिच्याशी.

आईला गुण विचारले तर ती म्हणाली, ते तू घाल काय ते. उद्या रात्री परत लावशील का, तेवढं सांग. आणि शेजारच्या गल्लीत त्या कानडी बाई राहतात ना, त्यांना चहाला बोलव.